टँकियनचं राजकारण गाळून चॉप सुई वाजवता येईल का?

प्रश्न नाशिकच्या एका एकोणीस वर्षांच्या गिटारिस्टचा आहे. तो लिहितो : "आम्ही सिस्टम ऑफ अ डाऊनची ‘चॉप सुई’ धरून चार गाणी बसवलीत, गॅदरिंगला वाजवणार आहोत. गाणी जबरी आहेत. पण सर्ज टँकियनच्या मुलाखती बघायला बसलो की डोकं उठतं. दर दोन वाक्यांनी आर्मेनिया, वंशसंहार, अमेरिकेचं परराष्ट्र धोरण. कलाकारानं गावं, हे सगळं कशाला? आणि त्याच्या आर्मेनियन असण्याचा गाण्याशी खरंच काही संबंध आहे की ते नुसतं मार्केटिंग?"

मी पंचवीसेक वर्षं पुण्यात गिटार वाजवतोय आणि शिकवतोय. त्यातली बरीच वर्षं ड्रॉप सी ट्यूनिंगमध्ये, म्हणजे गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खाली उतरवून वाजवण्यात गेली, याच बँडच्या नादात. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, आणि अगदी तटस्थ असेल असंही नाही. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

आधी माणूस. या अमेरिकन मेटल बँडचा गायक सर्ज टँकियन, त्याचा जन्म २१ ऑगस्ट १९६७चा, बैरुतचा. आर्मेनियाचा नव्हे, लेबनॉनचा. आर्मेनियन माणसाला "तुझं गाव कुठलं?" विचारलं तर उत्तरात निदान तीन देश येतात. एक जिथे तो जन्मला तो, एक जिथे राहतो तो आणि एक जिथून आजोबांना हाकललं तो. सर्जच्या आईचे वडील स्टेपान हायतायान. त्यांचं गाव एफकेरे, आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरी शहराजवळचं. १९१५ साली ऑटोमन सरकारनं आर्मेनियन वस्त्या रिकाम्या करायला घेतल्या तेव्हा ते लहान पोर होते. पुरुषांना वेगळं काढून मारलं, बायकापोरांना सिरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकललं. मेलेल्यांचे आकडे अभ्यासकागणिक बदलतात, पण दहा ते पंधरा लाख हा अंदाज सर्वसाधारणपणे मानला जातो. स्टेपान वाचले, अनाथालयांत वाढले आणि पुढे लेबनॉनमध्ये स्थिरावले. नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी ती हकिकत नातवासमोर कॅमेऱ्याला सांगितली. ‘स्क्रीमर्स’ या २००६च्या माहितीपटात ती आहे. तुला मुलाखतींचा कंटाळा येतो ना? त्या सगळ्या सोडून दे आणि एवढी एक बघ. म्हातारबोवा आवाज न चढवता बोलतात आणि नातू ऐकतो. स्टेजवर घसा फाडणारा हा माणूस तिथे ऐकत बसतो, हे मला त्याच्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त सांगून जातं.

१९७५ला लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि टँकियन कुटुंब लॉस एंजेलिसला आलं. म्हणजे तीन पिढ्यांत दुसऱ्यांदा बिऱ्हाड उचललं. सर्ज आठेक वर्षांचा. हॉलिवूडमध्ये आर्मेनियन समाजानं चालवलेली पिलिबोस नावाची शाळा आहे, तिथे तो शिकला. पुढे बँडमधले गिटारिस्ट डॅरॉन मलाकियन आणि बेसवाला शावो ओडाजियन हेही त्याच शाळेतून गेले. गणित, इंग्रजी सगळीकडे असतं तसंच, पण जोडीला आर्मेनियन भाषा, लिपी, इतिहास. सर्जच्या घरची बोली पश्चिम आर्मेनियन, म्हणजे अनातोलियातून हाकललेल्यांची. या बोलीचा आज स्वतःचा म्हणावा असा एकही प्रांत उरलेला नाही. युनेस्कोनं ती धोक्यातल्या भाषांत नोंदवली आहे. येरेवानला बोलतात ती पूर्व आर्मेनियन, उच्चार निराळे, क्रियापदं निराळी. आपल्याकडे मालवणी माणूस नागपुरात गेल्यावर जो घोळ होतो, त्याच्या दुप्पट धर.

बँडमधले बाकीचे तिघे बघ. डॅरॉन हॉलिवूडमध्येच जन्मला, पण त्याचे वडील वार्तान मलाकियन इराकमधले आर्मेनियन, स्वतः चित्रकार. ‘मेझ्मराइझ’ आणि ‘हिप्नोटाइझ’ या दोन्ही अल्बमांवरची चित्रं त्यांचीच. बेसवाला शावो येरेवानचा, तेव्हा ते सोव्हिएत संघात होतं. ड्रमर जॉन डोलमायन लेबनॉनचा, वाटेत कॅनडा करून आलेला. चार पोरं, चार वाटा, आणि भेटली कॅलिफोर्नियाच्या ग्लेंडेल भागात, जिथे दुकानांच्या पाट्याही आर्मेनियन लिपीत असतात. बँड १९९४चा. या विखुरलेल्या समाजाला आर्मेनियन भाषेत ‘स्प्युर्क’ म्हणतात. सिस्टम ऑफ अ डाऊन हे त्या स्प्युर्कचं छोटं संमेलनच आहे.

आडनावातलं ‘यान’ म्हणजे ‘अमक्याच्या घरचा’. गंमत म्हणजे कित्येक आर्मेनियन आडनावांचा पुढचा भाग तुर्की धंद्याचा असतो. कुयुमजियान म्हणजे सोनाराच्या घरचा, एकमेकजियान म्हणजे पाववाल्याच्या. ज्यांनी हाकललं त्यांची भाषा आडनावात घेऊन ही माणसं जगभर फिरतात. आणि सोनाराचा विषय निघालाच आहे तर हेही ऐक : लॉस एंजेलिसच्या सराफ बाजारात आर्मेनियन पुष्कळ. सर्जनं व्यवस्थापनाची पदवी घेऊन सराफांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणारी स्वतःची कंपनी काढली होती. ती बरी चालली होती. गाण्याकडे तो विशीत वळला, घरच्या छोट्या कीबोर्डवरून, कुठलंही रीतसर शिक्षण न घेता. म्हणजे "मार्केटिंग" हा शब्द त्याला लावायचाच असेल तर तो त्याच्या पदवीला लाव. चालता धंदा सोडून वंशसंहारावर ओरडणारा बँड काढणं हा काही मार्केटिंगवाल्याचा सल्ला नव्हे.

आता तुझ्या कामाचं. गाण्यात आर्मेनिया कुठे आहे?

नेटवर लोक छाती ठोकून सांगतात की त्यांच्या रिफ्स, म्हणजे गिटारचे फिरून फिरून येणारे तुकडे, "आर्मेनियन स्केल"मध्ये असतात. यात अर्धं खरं आणि अर्धी भाबडेपणाची फोडणी आहे. खरं ते असं : सा-नंतर कोमल रे आणि लगेच शुद्ध ग, ही दीड सुरांची उडी त्या भागातल्या सगळ्या संगीतात आहे, आर्मेनियन, अरब, तुर्की, ग्रीक सगळ्यांत. हार्मोनियमवर बसंत मुखारी वाजव, तोच सुरांचा साचा आहे. डॅरॉनच्या हाताला तो वळणाचा सूर लहानपणापासून माहीत आहे आणि तो डिस्टॉर्शनमध्ये टाकून मोकळा होतो. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण सगळं श्रेय लोक गायकाला देतात : या बँडच्या बहुतेक चालींचा कर्ता डॅरॉन आहे. शब्दांतही त्याचा वाटा मोठा. सर्जवर लिहिताना हे विसरणं म्हणजे गाण्याचं कौतुक करताना संगीतकाराचं नाव गाळणं.

पण तू वाजवतोस त्या चॉप सुईत हा सूर शोधायला गेलास तर फसशील. तो बहुतांशी साधा जी मायनर आहे. मग त्यात आर्मेनिया कुठून आला? माझ्या मते गळ्यातून. सर्ज संथ ओळी गातो तेव्हा सूर सरळ ठेवत नाही. शेवटच्या अक्षरावर तो हलकेच खाली ओघळतो, वाटेत एक-दोन मुरक्या घेतो आणि श्वास संपत आला की आवाज आणखी मोठा करतो. रॉकचे गायक इथे बहुधा उलट करतात. हे वळण चर्चमध्ये उभं राहून सामूहिक प्रार्थना ऐकलेल्या माणसाचं आहे. त्याच्या वडिलांचा, खाचादूर टँकियनचा, गळाही चांगला. संसाराच्या रेट्यात त्यांचं गाणं राहून गेलं होतं, म्हातारपणी मुलानं त्यांचा अल्बम काढून दिला. त्याच्या आर्मेनियन नावाचा अर्थ ‘कसं विसरायचं?’ असा होतो. बापाचा अल्बम आधी ऐक, मग लेकाचा ‘टॉक्सिसिटी’ ऐक, मी काय म्हणतोय ते कानालाच कळेल.

आणि एक किस्सा, म्हणजे परंपरेचं प्रकरण फार गूढ होणार नाही. चॉप सुईच्या मधल्या भागात शब्द सुचेनात, तेव्हा निर्माता रिक रुबिननं सर्जला सांगितलं, माझ्या कपाटातलं कुठलंही पुस्तक काढ, कुठलंही पान उघड. हाती आलं बायबल. पानावर निघाले क्रूसावरचे येशूचे उद्गार, तेच गाण्यात गेले. लोक त्यावर प्रबंध लिहितात. खरं तर ते कपाटानं दिलंय. पण पुस्तक योगायोगानं मिळालं तरी ते शब्द गायचे कसे, हे योगायोगानं आलेलं नाही. इ.स. ३०१ साली, परंपरेप्रमाणे जगात सर्वांत आधी, ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून घेणाऱ्या समाजातला हा माणूस. आळवणी कशी करायची ते त्याला कुणी शिकवावं लागलं नसणार.

तरीही तुला मूळ माल ऐकायचा असेल तर ‘टॉक्सिसिटी’तलं शेवटचं गाणं ‘एरियल्स’ संपल्यावर प्लेअर बंद करू नकोस. थोड्या शांततेनंतर दोन मिनिटांचा एक लपलेला तुकडा सुरू होतो. तिथे गिटार नाही, ड्रम नाहीत. आर्तो तुंचबोयाजियान हा तुर्कस्तानात जन्मलेला आर्मेनियन तालवादक आहे, त्याच्या साथीनं त्यांनी ‘देर वोघोर्म्या’ घेतलंय. ‘प्रभू, दया कर’ अशी ती आर्मेनियन चर्चमधली प्रार्थना. लाखो प्रती खपलेल्या अमेरिकन मेटल अल्बमचा शेवट चर्चच्या आळवणीनं होतो आणि निम्म्या श्रोत्यांना ते माहीतही नसतं. पुढे २००३मध्ये सर्ज आणि आर्तोनं मिळून ‘सेरार्ट’ नावाचा आख्खा अल्बम केला. तो सगळाच मला आवडत नाही, पण त्यात दोघं लहान मुलांसारखे खेळलेत.

याच वाटेवर दुडूक भेटतो. जर्दाळूच्या लाकडाची ओबडधोबड दिसणारी सनईची बहीण. दोघं वाजवायला बसतात, एक धून वाजवतो आणि दुसरा एकच सूर धरून बसतो. त्या धरलेल्या सुराला ‘दाम’ म्हणतात. आपल्याला तानपुऱ्याची आणि सनईमागच्या सुराची सवय आहे, त्यामुळे मराठी कानाला हे लगेच जवळचं वाटतं. आता ड्रॉप सीमध्ये सर्वांत जाड तार खुली वाजवत ठेवून वरच्या तारांवर रिफ काढायची ही त्यांची सवय बघ. ते मेटलमध्ये सगळेच करतात, मान्य. पण दाम ऐकत वाढलेला माणूस ते करतो तेव्हा खुली तार आधार होते, बाकीच्यांच्या हातात ती नुसती दणका देते. हे माझं मत आहे, कुणी वाद घातला तर चहावर बोलू.

एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय हा भाग संपवता येत नाही : कोमितास. जन्म १८६९. धर्मगुरू आणि संगीतज्ञ. गावोगाव फिरून त्यानं शेतकऱ्यांची, लग्नाची, नांगराची गाणी कागदावर उतरवली. २४ एप्रिल १९१५च्या रात्री कॉन्स्टँटिनोपलमध्ये आर्मेनियन लेखक, संपादक, डॉक्टर, वकील यांची धरपकड सुरू झाली, त्यात तोही होता. त्याला देशाच्या आतल्या भागात, चांकिरी गावी पाठवलं. तो जिवंत परत आला, पण मन ठिकाणावर राहिलं नाही. १९३५ साली पॅरिसजवळच्या मनोरुग्णालयात वारला, मधल्या वीस वर्षांत गाणं जवळजवळ बंदच. त्यानं लिहून ठेवलेली ती गाणी ज्या गावांत जन्मली ती गावं नंतर उरली नाहीत, वह्या उरल्या. आर्मेनियन माणसाला "कलाकारानं नुसतं गावं" असं सांगितलं की त्याला कोमितास आठवतो. तो नुसतंच गात होता.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे. राजकारण कशाला?

सर्जच्या राजकारणाची किल्ली वंशसंहारात आहे असं सगळे म्हणतात. मला वाटतं किल्ली त्याच्या नंतरच्या गोष्टीत आहे : नाकारण्यात. कल्पना कर, तुझ्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत ठाऊक आहे. आणि तू ज्या देशाचा नागरिक आहेस, जो देश स्वतःला लोकशाहीचा वस्ताद म्हणवतो, त्याचं सरकार तो शब्द उच्चारायला तयार नाही. का? तुर्कस्तान नाटोतला मित्रदेश आहे आणि त्याच्या भूमीवर अमेरिकेचा हवाई तळ आहे. पुरावे कमी पडले हे कारण नव्हतंच. ऑक्टोबर २०००मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात वंशसंहाराला मान्यता देणारा ठराव मतदानाच्या उंबरठ्यावर आला होता. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन पत्र पाठवलं आणि सभापती डेनिस हॅस्टर्ट यांनी तो मागे घेतला. ‘जेनोसाइड’ हा शब्द राफाएल लेमकिन या कायदेपंडितानं १९४४ साली घडवला आणि तो घडवताना त्याच्या मनात आर्मेनियनांचंही उदाहरण होतं. ज्यांच्यामुळे शब्द जन्मला त्यांनाच तो नाकारायचा, असा हा मामला.

एका बाबतीत सरकार सोयीसाठी खोटं बोलतंय हे ज्या पोराला आठव्या-दहाव्या वर्षी पक्कं कळतं, त्याचा पुढे दुसऱ्या कुठल्या सरकारी निवेदनावर विश्वास बसेल? सर्जनं स्वतः अनेकदा हेच सांगितलंय की त्याचा चळवळ्या स्वभाव या नकारातून आला. मग त्याची सगळी यादी सुसंगत वाटायला लागते. ‘प्रिझन साँग’मध्ये तो अमेरिकेच्या तुरुंगांची आकडेवारी वाचतो, अक्षरशः वाचतो, मेटलच्या तालावर. ‘बूम’ इराक युद्धाविरुद्ध, त्याचा व्हिडिओ माहितीपटकार मायकल मूरनं १५ फेब्रुवारी २००३च्या जागतिक मोर्च्यांत फिरून केला. गिटारिस्ट टॉम मोरेलोबरोबर काढलेली ‘ॲक्सिस ऑफ जस्टिस’ संघटना. ‘हाराकिरी’ अल्बम २०११च्या सुरुवातीला पक्षी आणि मासे सामूहिक मेल्याच्या बातम्यांतून निघाला. वरवर पाहिलं तर हा माणूस दिसेल त्या विषयावर बोलतो. आतून मात्र एकच प्रश्न आहे : मला जे सांगितलं जातंय ते कुणाच्या सोयीचं आहे?

थेट वंशसंहारावरचं त्यांचं पहिलं गाणं ‘प्लक’, १९९८च्या पहिल्याच अल्बमचं शेवटचं. ते रागाचं गाणं आहे, पंचविशीतल्या पोरांचं. २००५च्या ‘हिप्नोटाइझ’वरचं ‘होली माउंटन्स’ त्याच विषयावर आहे पण किती वेगळं! डोंगर म्हणजे अरारात. येरेवानहून तो रोज दिसतो, आर्मेनियाच्या राजमुद्रेवर आहे आणि सीमेपलीकडे तुर्कस्तानात आहे. रोज बघायचा, जायचं नाही. त्या गाण्यात राग खाली बसून दुःखाचा थर वर आलाय. दोन्ही एका बैठकीत ऐक.

बोलण्याची किंमतही त्यानं मोजली. तारखा बघ म्हणजे कळेल. ३ सप्टेंबर २००१, हॉलिवूडमध्ये ‘टॉक्सिसिटी’साठी फुकट कार्यक्रम. साडेतीन हजार लोक अपेक्षित होते, आले दुपटीहून जास्त, पोलिसांनी कार्यक्रम रद्द केला, दंगल झाली, बँडचं सामान फुटलं. ४ सप्टेंबरला अल्बम बाजारात. ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कचे टॉवर कोसळले. त्याच आठवड्यात अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. क्लिअर चॅनल या रेडिओ कंपनीनं "सध्या वाजवू नयेत" अशा दीडशेहून जास्त गाण्यांची यादी स्टेशनांना पाठवली, त्यात चॉप सुई होतं. आणि १३ सप्टेंबरला, ढिगारे धुमसत असताना, सर्जनं बँडच्या संकेतस्थळावर लेख टाकला की या हल्ल्याच्या मुळाशी अमेरिकेचं मध्यपूर्वेतलं तेलाचं राजकारणही बघा. रेकॉर्ड कंपनीनं तो काढून टाकला. धमक्या आल्या, बँडमधले सोबतीही वैतागले.

तो लेख दोन दिवसांनी नव्हे, दोन महिन्यांनी टाकायला हवा होता का? मला वाटतं, हो. मयताच्या घरी हिशेब मांडत नाहीत हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. त्यातले मुद्दे पुढे पुष्कळांनी मांडले आणि ते शहाणे ठरले, पण वेळ चुकली. सर्जचा हा दोष आहेच : त्याला गप्प बसवत नाही. काही गाण्यांत उपदेश चालीच्या डोक्यावर बसतो. त्याच्या एकट्याच्या अल्बमांत, विशेषतः ‘इम्पर्फेक्ट हार्मनीज’मध्ये, मला दोन-तीन ठिकाणी निबंध ऐकल्यासारखं वाटतं. पण त्याच अल्बमवर आर्मेनियन भाषेत गायलेलं ‘येस, इट्स जेनोसाइड’ आहे, आणि त्यात तो एकदाही ओरडत नाही.

सप्टेंबर २००५मध्ये सर्ज आणि जॉन इलिनॉयमधल्या बटेव्हिया गावी हॅस्टर्ट यांच्या कार्यालयासमोर मोर्चात उभे होते, ठराव मतदानाला घ्या म्हणून. तो पुढच्या चौदा वर्षांत मंजूर झाला नाही. अखेर २९ ऑक्टोबर २०१९ला प्रतिनिधिगृहात ४०५ विरुद्ध ११ मतांनी झाला, डिसेंबरात सिनेटमध्ये, आणि २४ एप्रिल २०२१ला राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी अधिकृत निवेदनात तो शब्द वापरला. गाण्यांमुळे झालं का? एकट्या गाण्यांमुळे नाही. आर्मेनियन संघटना त्यासाठी अनेक दशकं झिजल्या. पण ओहायो किंवा ओसाका इथल्या सोळा वर्षांच्या पोराला १९१५ हे साल कुठून कळलं याची शिरगणती केली, तर या बँडचं नाव वरच येईल. मला स्वतःला तिथूनच कळलं. शाळेच्या इतिहासात पहिलं महायुद्ध दोन पानांत आटोपलं होतं.

हे तुर्की माणसांविरुद्धचं वैर नाही, हेही लक्षात घे, कारण कमेंटांत ते तसं वाचायला मिळतं. इस्तंबूलमध्ये ह्रांत दिंक नावाचे आर्मेनियन संपादक याच विषयावर लिहीत. त्यांच्यावर ‘तुर्कत्वाच्या अपमाना’चा खटला झाला आणि १९ जानेवारी २००७ला त्यांच्या ‘आगोस’ साप्ताहिकाच्या दारात त्यांना गोळ्या घातल्या. अंत्ययात्रेला लाखभर लोक आले, बहुतेक तुर्कच, आणि हातात फलक ‘आपण सारे आर्मेनियन’.

२३ एप्रिल २०१५. शंभरावं स्मृतिवर्ष. त्या संध्याकाळी एचमियाडझिनला आर्मेनियन चर्चनं वंशसंहारातल्या मृतांना संत म्हणून घोषित केलं आणि १९ वाजून १५ मिनिटांनी घंटा वाजल्या, वेळ मुद्दाम निवडलेली. मग रात्री येरेवानच्या रिपब्लिक चौकात सिस्टम ऑफ अ डाऊन पहिल्यांदाच आर्मेनियात वाजवायला उभे राहिले. फुकट कार्यक्रम, धो-धो पाऊस. रेकॉर्डिंग सगळीकडे आहे. मी ते वर्षातून एकदा तरी लावतो आणि दर वेळी तंत्राच्या चुका मोजायला बसतो, कारण पावसात गिटारचं ट्यूनिंग हलतं, तारांवर बोटं घसरतात, आणि तिथे घसरलीच आहेत. पाचेक गाण्यांनंतर मोजायचं विसरतो. चौकातला जमाव मायनरमधली ती आळवणी गायकाच्या वरच्या आवाजात म्हणतोय आणि सर्ज माइकपासून मागे सरकतो.

नंतरचं तेवढं गोड नाही. २०१८मध्ये निकोल पाशिन्यान यांच्या नेतृत्वाखाली येरेवानमध्ये अहिंसक क्रांती झाली. पायउतार झालेल्या नेत्याचं नावही सर्जच, सर्ज सार्कस्यान, त्यामुळे ‘सर्जला नाकारा’ अशा घोषणांनी शहर दुमदुमलं होतं आणि त्याच शहरानं ७ मे रोजी आपल्या लाडक्या सर्जला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पाशिन्यान पंतप्रधान झाले. ‘आय ॲम नॉट अलोन’ हा त्यावरचा माहितीपट, संगीत टँकियनचंच. दोन वर्षांनी, २७ सप्टेंबर २०२०ला, अझरबैजानबरोबर नागोर्नो-काराबाखचं युद्ध पेटलं. आर्मेनियन त्या भागाला आर्ट्साख म्हणतात. चव्वेचाळीस दिवस चाललं. एकमेकांशी न पटल्यानं पंधरा वर्षं एकही नवं गाणं न केलेल्या या चौघांनी ६ नोव्हेंबरला दोन गाणी काढली, ‘प्रोटेक्ट द लँड’ आणि ‘जेनोसाइडल ह्युमनॉइड्झ’. दोन्ही डॅरॉनची. मदतनिधीला सहा लाख डॉलरच्या वर जमा झाले. गाणी येऊन चार दिवस होतात तोवर शस्त्रसंधी, म्हणजे खरं तर पराभव. ज्या सरकारसाठी चौकात नाचले त्याच सरकारविरुद्ध त्याच चौकात मोर्चे. सप्टेंबर २०२३मध्ये अझरबैजानच्या नव्या हल्ल्यानंतर तिथले एक लाखाहून जास्त आर्मेनियन काही दिवसांत घरंदारं सोडून निघाले. लाचिनच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या रांगा, टपावर गाद्या. एफकेरेच्या नातवानं ती दृश्यं फोनवर पाहिली असणार.

आणि चौघांचं राजकारण एकच आहे असंही समजू नकोस. जॉन डोलमायन ट्रम्पसमर्थक आहे, उघडपणे. सर्ज अगदी दुसऱ्या टोकाला. दोघं साडू आहेत, बायका सख्ख्या बहिणी. त्यांच्या घरचं सणाचं जेवण कसं होत असेल कुणास ठाऊक. पण आर्ट्साखच्या गाण्यांसाठी दोघं एका स्टुडिओत उभे राहिले.

आपला काही संबंध? थोडा आहे. मुंबईत फोर्टमध्ये मेडोज स्ट्रीटला आर्मेनियन चर्च आहे, स्थापना १७९६ची. व्यापारी म्हणून हे लोक सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्ता सगळीकडे होते, आणि जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक १७९४ साली मद्रासला छापलं गेलं. त्याहून जवळचं सांगतो : १९०२ साली ग्रामोफोनच्या तबकडीवर ज्यांनी आपलं गाणं भरलं त्या गौहर जान. मूळ नाव अँजेलिना, वडील आर्मेनियन. भारतीय रेकॉर्डेड संगीताच्या पहिल्या पानावरच एक आर्मेनियन रक्त आहे.

तर, राजकारण गाळून चॉप सुई वाजवता येईल का? येईल की. गाणं तक्रार करणार नाही. मी स्वतः दहा वर्षं तसंच वाजवलं आणि टाळ्याही घेतल्या. फक्त मधला संथ भाग मी नेहमी घाईत उरकायचो, पुढचा दणका यायची वाट बघत. आजोबांची ती मुलाखत पाहिल्यावर तिथला वेग आपोआप खाली आला, कुणी सांगितलं नाही. तुझ्या गायकाला ती दाखव, बाकी काही समजावू नकोस. गॅदरिंगमध्ये भाषण तर अजिबात नको.

आणि एक व्यवहाराचं. तू ट्यूनिंग काय करतोस ते लिहिलं नाहीस. जाड तार ई-वरून चार अर्धसूर खाली सी-ला, बाकी पाच दोन-दोन अर्धसूर खाली : सी, जी, सी, एफ, ए, डी. नऊच्या बारीक तारांवर हे केलंस तर सहावी तार झोपाळ्यासारखी लोंबते आणि प्रत्येक कॉर्ड बेसूर होते. एका कॉलेजच्या स्टेजवर दोनशे पोरांसमोर मी हे करून बसलोय, ड्रमर अजून चिडवतो. निदान अकराचा सेट लाव, जाड तार बावन्नची किंवा त्याहून वरची. लावल्यावर नेक आणि इंटोनेशन बघून घे, आणि दोन दिवस ताणू दे. गॅदरिंगच्या सकाळी तारा बदलू नकोस.